भावोजींचे हात आणि गावभरचं पथ्य

माझे भावोजी केस कापतात. कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या दुकानात ते अठ्ठावीस वर्षं उभे आहेत, आणि त्यांच्यापासून तीन दुकानं सोडून मी चष्मे बनवतो. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गिऱ्हाइकं त्यांना पाठीमागे ‘मौनी’ म्हणतात, कारण केस कापणाऱ्या माणसाला बोलायची हौस असते असं सगळे धरून चालतात आणि भावोजींच्या तोंडून दिवसभरात ‘मान जरा खाली’ यापलीकडे फारसं काही निघत नाही. मात्र ते ऐकतात. खुर्चीत बसलेला माणूस सुनेबद्दल बोलो, साहेबाबद्दल बोलो की मूळव्याधीबद्दल, भावोजी आरशातून त्याच्याकडे बघत मान डोलावतात. एवढ्या जोरावर त्यांचं दुकान चाललं आहे, असं ताईचं म्हणणं. कापतात बरे, पण ऐकतात फार छान.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी ते कात्री घेऊन माझ्या दुकानात आले. “स्क्रू जरा सैल कर. जड चालतेय.”

मी चष्म्याच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू सैल केला. आठवड्याने ते पुन्हा आले. पुन्हा सैल केला. तिसऱ्या वेळी मीच कात्री बोटांत घालून हवेत चालवून पाहिली. ती इतकी सैल झाली होती की पाती एकमेकांना धड लागतही नव्हती.

“भावोजी, कात्रीला काही झालेलं नाही.”

“मग?”

“हात दाखवा.”

त्यांनी हात पुढे केले, आणि ते मागे घेण्याआधी मला जे दिसायचं ते दिसलं. दोन्ही हातांची मधली बोटं मुळाशी फुगली होती, कातडी ताणून चकाकत होती. त्यांनी हात खिशात घातले. “ताईला सांगू नकोस,” म्हणाले.

ताईला सांगायची गरजच नव्हती. ती गेले दोन महिने बघत होती की नवरा शर्टाची बटणं न काढता शर्ट डोक्यातून ओढून काढतो आहे, सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतो आहे, आणि नळ मनगटाने उघडतो आहे. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते. न बोलणाऱ्यांवर लक्ष ठेवायची तिला सवय आहे. त्याच आठवड्यात तिने त्यांना सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चटपटीत आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आपली दोन बोटं भावोजींच्या मुठीत दिली आणि “दाबा” म्हणाल्या. भावोजींनी दाबलं. “दाबलंत का?” त्यांनी विचारलं. भावोजींनी मान डोलावली. बाईंनी कागदावर लिहिलं. रक्त तपासलं, हातापायांचे फोटो काढले, आणि निदान झालं: सांध्यांना आतून सूज आणणारा संधिवात. वयामुळे होतो तो झिजेचा नव्हे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून सांध्यांवर उलटते, तो. बरा होऊन निघून जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. “एकदाच,” बाईंनी बोट वर करून सांगितलं, “रोज घेतलीत तर जिवाशी खेळ होईल.” ताईने तिथल्या तिथे रविवार ठरवून टाकला. दुसरी गोळी दुखण्यावरची, लागेल तेव्हा, पण जेवणानंतर. महिन्याला रक्त तपासायचं.

“गुण कधी येईल?” ताईने विचारलं.

“आठवड्याच्या गोळीचा? दोन-तीन महिने धरून चला.”

भावोजी घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, “तीन महिने लोकांचे केस थांबणार आहेत का?”

आणि मग गिऱ्हाइकांना कळलं. ते कळणारच होतं, कारण कंगवा दोनदा हातातून पडला होता. आजवर खुर्चीत बसून स्वतःची रडगाणी गाणारे लोक आता भावोजींच्या दुखण्याबद्दल बोलू लागले, आणि सल्ला फुकट असल्यामुळे प्रत्येकाने सढळ हाताने दिला. बँकेतले कारकून म्हणाले, टोमॅटो सोडा, माझ्या आत्याने सोडला आणि ती पळायला लागली. बसचालकाने दूध बंद करायला सांगितलं. औषधांच्या दुकानातल्या माणसाने, ज्याला खरं तर थोडं कळायला हवं, गव्हावर बोट ठेवलं. कोणी वांगं म्हणालं, कोणी बटाटा, कोणी अंडं, कोणी डाळ. एकाने रोज सकाळी सात अक्रोड मोजून खायला सांगितले, आठवा खाल्ला तर मात्र उलट होतं म्हणाला.

आता दुसरा एखादा असता तर त्याने हो हो म्हणून सोडून दिलं असतं. पण भावोजींना नाही म्हणता येत नाही. एवढ्या आपुलकीने सांगणाऱ्याचं मन कसं मोडायचं, आणि पुढच्या महिन्यात तो विचारेल तेव्हा खोटं कसं बोलायचं, या दोन कचाट्यांत सापडून ते खरोखरच एकेक पदार्थ सोडत गेले. दीड महिन्यात घरच्या टेबलावर भात, काकडी आणि सात अक्रोड एवढंच उरलं. त्यांची पँट पट्ट्यावर लोंबायला लागली.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आता पाणी तेवढं राहिलंय. त्याच्याविरुद्ध अजून कोणी तक्रार केलेली नाही.”

तिला काय ठाऊक, पुढचा माणूस नेमका पाण्याचाच येणार होता.

तो माणूस म्हणजे पोहण्याचे सर. नगरपालिकेच्या तलावावर तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवून निवृत्त झालेले. सत्तरीतही पाठ ताठ, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. ते दर महिन्याला तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहतात, आणि त्याने आपल्याला कधी साधी सर्दीही होत नाही असं सांगतात. दर तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी, भावोजींची पहिली खुर्ची त्यांची.

“पोटाला सुट्टी द्या,” सर आरशातून म्हणाले. “सूज आपोआप उतरते. मी बघितलंय.”

भावोजींनी पाच दिवस उपवास केला. पाणी, आणि संध्याकाळी भाजीचं नितळ सूप. उपवास आणि औषध एकत्र नको असं आपल्या मनाने ठरवून त्यांनी रविवारची गोळीही टाळली, आणि हे कोणालाच सांगितलं नाही. ताईच्या समोर गोळी तोंडात घातली आणि न्हाणीघरात जाऊन थुंकली.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. काउंटरवर हात ठेवला आणि हळूहळू मूठ मिटली. पूर्ण. नखं तळव्याला लागली. मग उघडली, परत मिटली. चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो. त्या दिवशी त्यांनी अकरा डोकी कापली, त्यातली चार नुसत्या कात्रीने. मी इथे कबूल करतो की मीही हुरळलो. “जमलं की हो भावोजी,” म्हणालो. आज ते आठवलं की माझाच कान धरावासा वाटतो.

जेवायला लागल्यावर आठवडाभरात दुखणं परत आलं. रविवारची गोळी ते अजूनही थुंकतच होते. त्यांनी पुन्हा उपवास धरला. या खेपेला सूज उतरेचना. गोळी सुटून चार आठवडे झाले होते, त्याचा तो हिशेब होता. पण भावोजींना वाटलं आपलंच काही चुकतंय, उपवास कमी पडतोय. त्यातच शाळा सुरू व्हायचे दिवस. आया आपापली मुलं घेऊन दाराबाहेर उभ्या. उभं तर राहायला हवं, म्हणून त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या चालू केल्या. जेवणानंतर घ्यायच्या, पण जेवण होतंच कुठे? सकाळी एक, दुपारी एक, मग सकाळी दोन, दुपारी दोन. पोटात आग व्हायची ती ते भुकेची आग समजले. शौचाला काळं डांबरासारखं झालं, तेही दोन दिवस पोटातच ठेवलं, म्हणजे मनात.

बुधवारी सकाळी सर खुर्चीत होते. डाव्या बाजूचे केस कापून झाले होते, उजवे बाकी होते. भावोजी उजवीकडे यायला वळले आणि वळता वळता खाली बसले. पडले नाहीत; खुर्चीचा दांडा धरून सावकाश जमिनीवर बसले, एखादी वस्तू शोधायला बसावं तसे. चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळाला गार घाम.

सरांनी बुडणारी माणसं बाहेर काढलेली आहेत. त्यांनी एका हाकेत रस्त्यावरची गाडी थांबवली, दुसऱ्या हाकेत मला बोलावलं, आणि भावोजींना काखेत धरून गाडीत बसवलं. इस्पितळात पोचेपर्यंत सरांच्या गळ्याला केस कापायचं कापड तसंच बांधलेलं होतं. तातडीच्या विभागातली परिचारिका आधी त्यांच्याकडेच धावली.

“मी नाही, हे,” सर म्हणाले.

पोटात जखम होऊन रक्त जात होतं. नळी घालून जखम बंद केली, दोन बाटल्या रक्त चढवलं. ताई शाळेतून आली तेव्हा भावोजी शुद्धीवर होते आणि छताकडे बघत होते. सर कोपऱ्यात उभे राहिले. त्यांचं अर्धं डोकं कोरलेलं आणि अर्धं वाढलेलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी आणि त्यानंतरचे पाच दिवसही ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. सर रोज अकरा वाजता यायचे, अर्धा तास दाराशी उभे राहायचे आणि जायचे.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई सातव्या दिवशी आल्या. मी तिथे होतो. आता बोलणी खावी लागणार म्हणून भावोजींनी अंग चोरून घेतलं होतं. पण बाईंनी स्टूल ओढलं आणि विचारलं, “उपवासात बरं वाटलं होतं?”

भावोजींनी मान डोलावली.

“मान नको. सांगा.”

“तिसऱ्या दिवशी मूठ मिटली,” भावोजी म्हणाले. “पुरी मिटली. खोटं नाही सांगत.”

“खोटं कशाला असेल? काहीजणांना उपवासात खरंच कमी दुखतं. पण जेवायला लागलं की बहुतेकदा परत येतं. जन्मभर उपाशी तर राहता येणार नाही. आणि आठवड्याची गोळी?”

भावोजींनी ताईकडे पाहिलं. मग सांगून टाकलं. न्हाणीघरातलं थुंकणं, काळं शौच, दोन-दोन गोळ्या, सगळं. मी त्यांना एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते ताईला म्हणाले, “सरांनी मला गोळी सोडायला सांगितलं नव्हतं. रिकाम्या पोटी औषध घ्यायलाही सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं. त्यांच्याशी बोल.”

ताई उठून बाहेर गेली. सर दाराशी होतेच. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने सरांचा तो काठापलीकडे जाणारा आवाज आला, “मीही नीट विचारायला हवं होतं,” आणि आख्ख्या वॉर्डाने ते ऐकलं.

इकडे बाईंनी पथ्याची यादी मागितली. काय काय सोडलंय? भावोजी बोटांवर मोजत गेले. फुगलेली बोटं संपली तरी यादी संपेना.

“यातलं काय खाऊन दुखतं तुम्हाला?”

“माहीत नाही. सगळं एकाच वेळी सोडलं.”

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. “मग आता एकेक परत आणा. आठवड्याला एक. काय खाल्लं आणि हात कसे होते, तेवढं लिहून ठेवा. लोकांच्या आत्याचं नको, तुमचं लिहा.”

दुखण्यावरची ती जुनी गोळी कायमची बंद झाली. त्याऐवजी एक साधी, पोटाला न लागणारी, तीही दिवसाला किती ते ठरवून. सूज फारच उसळली तर थोड्या दिवसांपुरतं दुसरं औषध, पण ते फोन करून, विचारून. आणि रविवारची गोळी, पोट सावरल्यावर, पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावर नवव्या दिवशी भावोजी दुकानात गेले. सर तोवर डोक्यावर टोपी घालून हिंडत होते. दुसऱ्या कोणाकडून उरलेलं डोकं करून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. आपल्या माणसाचं काम अर्धवट असताना त्यात हात घालू द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. भावोजींना ती उजवी बाजू करायला चाळीस मिनिटं लागली. दोन्ही बाजू मुळीच जुळल्या नाहीत. सरांनी आरशात डावीकडून, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, “छान.”

ताईच्या वहीत पुढचं वर्ष आहे. ग्रंथालयातल्या बाईची वही, तेव्हा अक्षर सुबक आणि तारखा पक्क्या. टोमॅटो आठवडाभर खाल्ला, काही झालं नाही. वांगं, नाही. दूध, नाही. अंडी, नाही. गव्हाची परीक्षा दोनदा घेतली, कारण औषधांच्या दुकानातला माणूस ऐकेना. दोन्ही वेळा गहू निर्दोष सुटला. दोन गोष्टी मात्र वहीत पुन्हा पुन्हा दिसायला लागल्या. उशिरा आणि तुडुंब जेवलं की दुसऱ्या सकाळी हात हटकून जड. आणि दुकानात ते दिवसभर जी गोड बाटलीबंद पेयं प्यायचे, ती बंद झाल्यावर तीन आठवड्यांत सकाळचा ताठरपणा निम्म्यावर आला. तो त्यामुळे आला की रविवारची गोळी तोवर लागू पडायला लागली होती म्हणून, हे वहीला ठाऊक नाही. बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, “दोन्ही चालू ठेवा, भांडण लावू नका.”

आता ते संध्याकाळी सातच्या आत जेवतात आणि सकाळी आठला न्याहारी करतात. मधल्या तेरा तासांना ते ‘माझा उपवास’ म्हणतात, आणि सरांसमोर जरा फुशारकीने म्हणतात. आठवड्यातून दोनदा मासे, ताटात अर्धी भाजी. सात अक्रोडही राहिले आहेत. अक्रोडांनी काही होतं असं नाही, त्यांना ते आवडायला लागले.

दुकान आता नऊला नाही, अकराला उघडतं. सकाळचे हात कोमट पाण्यात भिजतात, बोटं एकेक करून उघडतात, मग माणूस बाहेर पडतो. अंगठ्याची कडी फिरते अशी हलकी कात्री मी त्यांना शोधून आणून दिली. वस्तऱ्याने दाढी करणं त्यांनी सोडलं. ते सोडणं मात्र जिवावर आलं होतं, कारण दाढीचा त्यांचा हात फार मऊ होता. उंच स्टूल आलं. दुसरी खुर्ची त्यांनी एका केशकर्तन करणाऱ्या बाईंना दिली. त्या इतक्या बोलतात की दुकानाची सरासरी आता बरोबर झाली आहे.

दुखणं गेलेलं नाही. वर्षातून दोन-तीनदा उसळतंच. मागच्या महिन्यात उसळलं तेव्हा डावं मनगट आणि दोन्ही गुडघे धरले. भावोजींनी दारावर पाटी लावली: ‘आज हात रुसले आहेत. फक्त मशीन.’ दुसऱ्या दिवशी मशीनही धरवेना, तर पाटी बदलून घरी बसले. बाईंना फोन केला, सांगितलं तेवढंच औषध घेतलं, आधी पोटभर खाऊन. मी भेटायला गेलो तर खिडकीशी पाय वर घेऊन बसले होते आणि ताईचं मोठ्याने वाचून दाखवणं ऐकत होते. कुरकुर नव्हती. “दुखतंय?” मी विचारलं. “दुखतंय,” म्हणाले. “चार दिवस दुखेल. बस.”

सल्ले अजून येतात. गेल्या आठवड्यात एका नव्या गिऱ्हाइकाने भेंडीचं पाणी सुचवलं. भावोजींनी कात्री थांबवली. “तुम्ही चांगल्या मनाने सांगताय,” ते म्हणाले, “पण मी नाही करणार.” एवढं बोलून पुढे कापायला लागले. पलीकडच्या खुर्चीशी केस कापणाऱ्या बाई क्षणभर बोलायच्या थांबल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

सरांनी मनातली टोचणी आपल्या पद्धतीने मिटवली. ते शनिवारी दुपारी भावोजींना नगरपालिकेच्या तलावावर नेतात, जिथे म्हाताऱ्यांसाठी एक हौद कोमट ठेवलेला असतो. पाण्यात सांधे हलके होतात हे बाईंनीही मान्य केलं आहे. भावोजींना पोहता येत नव्हतं. पहिले चार महिने ते काठ धरून नुसते चालत होते. मग सरांनी त्यांना पाठीवर तरंगायला शिकवलं, मग पाय मारायला. परवाच्या शनिवारी ताईने मलाही ओढून नेलं. आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. भावोजींनी चष्मा माझ्याकडे दिला, पाण्यात उतरले आणि काठ सोडला. सर बाजूने चालत “पाय, पाय, पाय” म्हणत होते. हौद अरुंद आहे, फार तर बारा पावलं असेल. मध्ये एकदा ते बुडताहेत असं मला वाटलं आणि मी उठलो, पण ताईने माझी बाही धरून मला खाली बसवलं. भावोजी पलीकडे पोचले, कठड्यावर दोन्ही हात टाकले आणि धापा टाकत तिथेच लोंबकळत राहिले.

“परत यायचंय का चालत?” सरांनी विचारलं.

“नाही,” भावोजी म्हणाले. “जरा दम घेतो, आणि पोहतच येतो.”